न्यूयॉर्कच्या जुन्या पब्लिक स्कूल बिल्डिंग्ज आणि त्यांचा आर्किटेक्ट स्नायडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी क्वीन्समध्ये राहतो आणि या शाळांबद्दल अधूनमधून लिहितो, त्यामुळे मेसेजमध्ये तेच प्रश्न फिरून फिरून येतात. कोणाचं मूल अशा शाळेत जातं, कोणाचे आईबाबा सुट्टीत आलेत आणि त्यांना नेहमीच्या ठिकाणांपलीकडचं काहीतरी दाखवायचंय, कोणी आर्किटेक्चर शिकतंय. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे त्याचा नंबर दिलाय.

१. हा स्नायडर कोण? आम्ही तर नावही ऐकलं नव्हतं.

चार्ल्स बी. जे. स्नायडर. जन्म १८६० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्टिलवॉटर नावाच्या छोट्या गावातला, मृत्यू १९४५. १८९१ मध्ये तो न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाचा 'सुपरिंटेंडंट ऑफ स्कूल बिल्डिंग्ज' झाला आणि १९२३ पर्यंत त्याच खुर्चीवर होता. म्हणजे सलग ३२ वर्षं शहरातली जवळजवळ प्रत्येक नवी पब्लिक स्कूल (फी नसलेली, शहराने चालवलेली शाळा) त्याच्या टेबलावरून गेली. त्याचं स्वतःचं शिक्षण झालं कूपर इन्स्टिट्यूटमध्ये, जी पीटर कूपर या उद्योगपतीने कामकरी घरातल्या मुलामुलींना फुकट शिकता यावं म्हणून काढली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फुकट शिक्षण म्हणजे हलकं शिक्षण असं या माणसाच्या डोक्यात कधीच नव्हतं, आणि ते त्याच्या भिंतीभिंतीत दिसतं.

नाव ऐकलेलं नसणं साहजिक आहे. गगनचुंबी इमारती, श्रीमंतांचे बंगले, रेल्वे स्टेशनं बांधणाऱ्यांची नावं लोकांच्या तोंडी राहतात, शाळा बांधणाऱ्याचं नाव कोण विचारतं?

२. नक्की किती शाळा? आणि सगळी ड्रॉइंग्ज त्यानेच काढली का?

नव्या बिल्डिंग्ज आणि जुन्यांना जोडलेले भाग धरून ४०० च्या वर. आता एवढं काम एक माणूस हाताने काढूच शकत नाही हे उघड आहे, त्याच्या हाताखाली ड्राफ्ट्समन आणि इंजिनिअर लोकांचं मोठं खातं होतं. पण प्लॅन कसा असावा, खिडकी केवढी, जिना कुठे, मटेरियल कुठलं, हे नियम त्याचे. त्यामुळे 'स्नायडरची शाळा' म्हणताना ते 'त्याच्या खात्याची, त्याच्या विचाराने बांधलेली शाळा' असं समजा. मी खाली हाच अर्थ धरलाय.

३. त्याच्या आधी शाळा कशा होत्या? एवढं काय बदललं?

१८९० च्या आसपासचं मॅनहॅटन डोळ्यासमोर आणा. युरोपातून बोटी भरभरून माणसं येतायत, लोअर ईस्ट साइडला एकेका खोलीत आख्खं कुटुंब, आणि मुलांना शाळेत घालायचं तर जागाच नाही. शाळेच्या दारातून मुलं परत पाठवली जायची, काही ठिकाणी अर्धी मुलं सकाळी, अर्धी दुपारी. ज्या बिल्डिंग्ज होत्या त्यातल्या कित्येक अंधाऱ्या, कोंदट, शेजारच्या चाळींना चिकटलेल्या. जेकब रीस हा पत्रकार आणि फोटोग्राफर याच वस्त्यांबद्दल पोटतिडकीने लिहीत होता, आणि पुढे त्यानेच स्नायडरच्या कामाचं जाहीरपणे कौतुक केलं.

शिवाय एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. १८९७ पर्यंत मॅनहॅटन आणि ब्राँक्सच्या त्या वेळच्या शहरात एकही पब्लिक हायस्कूल नव्हतं! त्या वर्षी तीन सुरू झाली, एक मुलांचं, एक मुलींचं, एक दोघांचं, तीही जुन्या बिल्डिंग्जमध्ये. मग १८९८ ला ब्रुकलिन, क्वीन्स, स्टेटन आयलंड सगळं मिळून आजचं पाच विभागांचं न्यूयॉर्क झालं आणि या सगळ्याच्या शाळा स्नायडरकडे आल्या. हायस्कूल ही बिल्डिंग कशी असावी हे या शहरासाठी त्यालाच ठरवायचं होतं.

४. 'एच प्लॅन', 'एच प्लॅन' म्हणतात तो काय प्रकार आहे?

हा खरा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

मॅनहॅटनचे ब्लॉक लांबट आहेत. ॲव्हेन्यूवरचे, म्हणजे टोकाचे कोपऱ्याचे प्लॉट महाग, आणि तिथे दिवसभर गाड्याघोड्यांचा गोंगाट. ब्लॉकच्या मधले प्लॉट स्वस्त, पण तिथे डाव्याउजव्या बाजूला बिल्डिंगी खेटलेल्या, उद्या शेजारी सहा मजले चढवले की तुमच्या खिडक्या गेल्याच. बाकीचे आर्किटेक्ट काय करायचे, तर मागे एक छोटं डक्ट सोडायचे आणि उजेडाचं नशिबावर सोडून द्यायचे.

स्नायडरने ब्लॉकच्या मधला प्लॉट घेतला, पण आरपार, एका रस्त्यापासून पाठीमागच्या रस्त्यापर्यंत. आणि त्यावर बिल्डिंग बसवली ती इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची. दोन उभे भाग म्हणजे दोन विंग, एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत गेलेल्या, शेजाऱ्यांच्या बाजूला पाठ करून. मधली आडवी रेघ म्हणजे दोघींना जोडणारा भाग. त्यामुळे एचच्या वर आणि खाली जी मोकळी जागा उरते ती झाली दोन अंगणं, एक या रस्त्याला उघडणारं, एक त्या रस्त्याला. वर्गांच्या खिडक्या बहुतेक करून या अंगणांकडे किंवा रस्त्याकडे. म्हणजे शेजारी काहीही बांधू दे, शाळेचा उजेड कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण तो उजेड शाळेच्या स्वतःच्या जागेवरून येतोय. वर अंगणांमुळे वर्ग रस्त्याच्या गोंगाटापासून आत सरकले, आणि मुलांना खेळायला जागा मिळाली ती वेगळीच.

१८९६ च्या सुमारास तो युरोपातल्या शाळा बघायला लंडन-पॅरिसला जाऊन आला होता, आणि पॅरिसमधल्या ओतेल द क्लूनी या जुन्या वाड्याच्या पुढच्या उघड्या चौकावरून त्याला हे सुचलं असं सांगितलं जातं. सुरुवातीच्या एच शाळांपैकी पी. एस. (म्हणजे पब्लिक स्कूल) १६५ बघता येते, वेस्ट १०८ आणि १०९ स्ट्रीटच्या मध्ये, अजून शाळाच आहे.

आणि हो, सगळ्या शाळा एच नाहीत. कोपऱ्यावर जागा मिळाली किंवा मोकळी जमीन असली तिथे त्याने वेगळे आकार वापरलेत.

५. शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगला एवढ्या मोठ्या खिडक्या कशा? भिंत पडत नाही?

वजन भिंतीवर नाहीच आहे म्हणून. त्याने शाळांना स्टीलचा सांगाडा वापरला, जो तेव्हा ऑफिसांच्या उंच बिल्डिंगांना वापरायला नुकती सुरुवात झाली होती. सांगाडा सगळा भार घेतो, मग बाहेरची विटांची भिंत पातळ चालते आणि दोन खांबांच्या मधली जवळजवळ पूर्ण जागा काचेला देता येते. बाहेरून बघाल तर पाच मजले ओळीने खिडक्याच खिडक्या, मध्ये विटांच्या बारीक पट्ट्या. आतल्या भिंतींवरही भार नसल्यामुळे पुढे वर्ग लहानमोठे करणं सोपं गेलं, काही शाळांत सरकत्या पार्टिशन होत्या, त्या बाजूला केल्या की चार वर्गांचा एक हॉल.

अजून एक बारकावा, उजेड शक्यतो मुलांच्या डाव्या हाताला यावा असे बाक मांडायची तेव्हाची पद्धत होती. उजव्या हाताने लिहिताना स्वतःच्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून. विजेचे दिवे तेव्हा आजच्यासारखे नव्हते, पावसाळी दुपारी फळ्यावरचं दिसतंय का नाही हे पूर्ण खिडकीवर अवलंबून होतं.

६. माझ्या मुलीच्या शाळेतला जिना विचित्र आहे, दोन जिने एकमेकांत गुंतल्यासारखे. असं का?

तो आगीसाठी आहे! एकाच बंदिस्त जागेत दोन वेगळे जिने एकमेकांवरून तिरके जातात, एकावरून चढणारा दुसऱ्यावरच्याला भेटतच नाही. जागा एका जिन्याची लागते आणि मुलं दुप्पट बाहेर पडतात, आणि दोन्हीकडची गर्दी एकमेकांवर येऊन चेंगराचेंगरी होत नाही. भोवतीच्या भिंती, पायऱ्या, सगळं न जळणारं.

याची किंमत कळायची असेल तर १९०८ ची क्लीव्हलँडजवळच्या कॉलिनवुडची शाळेची आग आठवा, १७२ मुलं गेली, बरीचशी जिन्याच्या तळाशी दाराजवळ अडकून. ती घटना घडली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये न जळणाऱ्या बांधणीच्या, रुंद आणि बंदिस्त जिन्यांच्या शाळा आधीच उभ्या होत्या. सुंदर टॉवरचे फोटो सगळे काढतात, मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हा जिना आहे.

७. हिवाळ्यात एवढ्या उंच वर्गात मुलं गारठत नसतील?

नव्हती, कारण हवेचीही सोय बिल्डिंगमध्येच होती. तळघरात बॉयलर, वाफेच्या पाइपांवरून मोठ्या पंख्याने बाहेरची हवा ढकलायची, गरम झालेली ताजी हवा भिंतीतल्या मार्गांनी वर्गात, आणि वापरलेली हवा दुसऱ्या मार्गाने बाहेर. त्या काळचा मान्य नियम दर मुलामागे दर मिनिटाला ३० घनफूट ताजी हवा असा होता. क्षयरोग हा तेव्हा घरोघरीचा शत्रू होता, म्हणून हवेवर एवढा जोर. कोविडच्या वेळी वर्गातल्या हवेबद्दल आपण सगळे बोलायला लागलो तेव्हा मला सारखे हे जुने पंखे आठवत होते.

त्यातली यंत्रं आता बहुतेक गेलीत. पण कोळशाचे बॉयलर शहरातल्या काही शाळांत २००१ पर्यंत चालू होते, यावर विश्वास बसत नाही पण खरं आहे.

८. छतावर जाळी लावलेली दिसते, ती कशासाठी?

छतावर खेळाचं मैदान होतं. जमीनच नव्हती ना. दाट वस्तीतल्या शाळांना त्याने गच्चीवर मैदान दिलं, भोवती उंच जाळी म्हणजे चेंडू आणि मुलं दोन्ही सुरक्षित, आणि तळमजल्याचा काही भाग झाकलेलं मैदान म्हणून, पावसापाण्यात आणि बर्फात खेळायला. उन्हाळ्यात संध्याकाळी काही गच्च्या आसपासच्या वस्तीसाठी उघडायचे, वर बँड वाजायचा, दिवे लावलेले, मुलं नाचायची. खाली खोलीत उकाड्याने जीव नकोसा झालेली माणसं वर येऊन मोकळ्या हवेत बसायची.

शाळा संध्याकाळनंतर पण वस्तीची असली पाहिजे हा विचार पुढेही दिसतो. ईस्ट व्हिलेजमधल्या पी. एस. ६४ मध्ये (१९०६, ईस्ट ९ वा स्ट्रीट) सभागृह रस्त्याच्या पातळीला आहे आणि त्याला रस्त्यावरून थेट दार, म्हणजे रात्री मोठ्या माणसांची मोफत व्याख्यानं असली तर त्यांना आख्ख्या शाळेतून जावं लागू नये. या बिल्डिंगचं पुढे जे झालं ते वाईट आहे, त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

९. गरिबांच्या शाळेला टॉवर, नक्षी, रंगीत काचा कशाला? तेवढ्या पैशात आणखी वर्ग झाले असते ना?

हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते आणि रागावून विचारत होते, तेव्हा नीट उत्तर देतो.

एक, पैशाचं. नक्षी दिसते तेवढी महाग नाही. ती बहुतेक टेराकोटाची आहे, म्हणजे भाजलेली माती, एकदा साचा केला की त्याच आकाराचे तुकडे कितीही काढा. दगड कोरणाऱ्या कारागिराच्या मजुरीपेक्षा ते कितीतरी स्वस्त. खरी बचत प्लॅनमध्ये होती, स्वस्त प्लॉट (प्रश्न ४), पातळ भिंती (प्रश्न ५), ठरलेल्या मापाचे वर्ग. तिथे वाचलेलं थोडं दारावर आणि शिखरावर खर्च झालं.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रशियातून, इटलीतून आलेलं मूल, भाषा येत नाही, घर म्हणजे अंधारी खोली, बाप कपड्याच्या कारखान्यात. त्याच्या वस्तीतली सगळ्यात देखणी, सगळ्यात उजेडाची बिल्डिंग कुठली, तर त्याची शाळा. शहर त्या मुलाला काय समजतं हे त्याला पहिल्याच दिवशी दारातून आत जाताना कळत होतं, कोणी सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे महापालिकेची शाळा म्हटलं की बिल्डिंग कशीबशी उभी असली तरी पुरे असं आपण धरूनच चालतो, आणि ते आपण का धरतो हा प्रश्न मला स्नायडरच्या शाळा बघितल्यापासून सोडत नाही.

आणि वर्गांची संख्या कमी पडली का? हो, पडलीच, लोंढा एवढा होता की कितीही बांधलं तरी पुरत नव्हतं. पण त्याचं कारण टॉवर नव्हते.

१०. मॉरिस हायस्कूलचा फोटो बघून मुंबई विद्यापीठाची आठवण झाली. काही संबंध आहे का?

मॉरिस ही ब्राँक्समधली स्नायडरची शाळा (प्रश्न ११). नातं आहे, पण लांबचं. दोन्हीकडे गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्च आणि विद्यापीठांच्या धाटणीचं, टोकदार कमानी, उंच मनोरा वगैरे. मुंबईचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने डिझाइन केलं, टॉवर १८७८ चा, दगड कुर्ल्याचा. तिथे भार दगडी भिंती घेतात आणि उन्हापासून वाचायला व्हरांडे आहेत.

स्नायडरचं पंचवीसेक वर्षांनंतरचं, आत स्टील, बाहेर वीट आणि टेराकोटा, आणि सगळा आटापिटा ऊन आत घेण्यासाठी, कारण न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ऊन हवंहवंसं असतं. तो ज्या शाखेचा त्याला 'कॉलेजिएट गॉथिक' म्हणतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांवरून आलेली. अमेरिकेत ती श्रीमंत खासगी विद्यापीठांमध्ये चालली होती, पब्लिक हायस्कूलला वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत हा एक. तीच प्रतिष्ठा फुकट शाळेला द्यायची, असा त्याचा अर्थ मी लावतो.

पण तो गॉथिकला बांधलेला नव्हता हेही लक्षात ठेवा. फ्रेंच, फ्लेमिश, इंग्लिश, जिथे जे शोभेल ते त्याने वापरलं.

११. दोन-तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये कुठल्या बघू?

मॅनहॅटनमध्ये असाल तर हार्लेममधली वॉडली, वेस्ट ११४ वा स्ट्रीट, १९०२ ची, शहरातल्या मुलींच्या पहिल्या पब्लिक हायस्कूलची बिल्डिंग, उंच छपरं आणि मनोरा. तिथून खाली आलात तर टेन्थ ॲव्हेन्यूवर ५८ ते ५९ व्या स्ट्रीटच्या मध्ये जुनं डीविट क्लिंटन हायस्कूल (१९०६), फ्लेमिश पद्धतीचे पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोणी माथे, आता ते जॉन जे कॉलेजकडे आहे.

ब्राँक्सला जायची तयारी असेल तर मॉरिस हायस्कूल (१९०४) सोडू नका, माझी सगळ्यात आवडती. बॉस्टन रोडवर, चढावर उभी आहे त्यामुळे टॉवर लांबून दिसतो. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल याच शाळेचे विद्यार्थी. आतलं सभागृह रंगीत काचा आणि मोठ्या भित्तिचित्रांमुळे इतकं देखणं आहे की त्याला वेगळा लँडमार्कचा, म्हणजे कायद्याने जपलेल्या वारसा वास्तूचा, दर्जा आहे (प्रश्न १५).

स्टेटन आयलंडची फुकट फेरी तुम्ही घेणारच, तर उतरल्यावर सेंट जॉर्जमधली कर्टिस हायस्कूल (१९०४) चालत जाण्यासारखी आहे, बेटावरचं पहिलं पब्लिक हायस्कूल.

आणि मराठी मंडळींसाठी सगळ्यात सोपी, फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात तर सगळेच जातात, दर्शन झालं आणि कँटीनमध्ये डोसा खाल्ला की बोन स्ट्रीटने सरळ उत्तरेला चालत निघा, वीस-पंचवीस मिनिटांत नॉर्दर्न बुलेवार्ड लागतो, तिथे डावीकडे वळलात की फ्लशिंग हायस्कूल. १९१५ ला पूर्ण झालेली, पुढे हिरवळ आणि मोठी झाडं, किल्ल्यासारखा टॉवर. जॅक्सन हाइट्सला किराणा घ्यायला येणाऱ्यांना शेजारच्या एल्महर्स्टमध्ये न्यूटाउन हायस्कूल आहे, १९२१ ची, फ्लेमिश धाटणीची. या भागात आधी डच वसाहत होती, त्याला धरून ती निवड. टॉवर १६९ फुटांचा.

१२. रस्त्यावर जुनी शाळा दिसली तर स्नायडरची आहे हे कसं ओळखायचं?

खात्री फक्त कागदपत्रांवरून होते, पण अंदाज बांधता येतो. काळ १८९१ ते १९२३ पाहिजे, दारावर किंवा माथ्यावर बरेचदा वर्ष आणि शाळेचा नंबर कोरलेला असतो. ब्लॉकच्या मध्ये असून अंगण रस्त्याकडे उघडं असेल तर जवळपास नक्की. खिडक्यांचे मोठे गट, चढतं छप्पर आणि त्यातून डोकावणाऱ्या खिडक्या, दारावर टेराकोटाची नक्षी, शहराचं बोधचिन्ह.

फसवणारे पण आहेत. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंटमधलं बॉइज हायस्कूल (१८९१) बघून सगळे त्याचं नाव घेतात, ते जेम्स नॉटनचं आहे. ब्रुकलिन १८९८ पर्यंत वेगळं शहर होतं आणि तिथल्या शाळा नॉटन बांधायचा. आणि १९२३ नंतरच्या शाळा विल्यम गॉम्पर्टच्या काळातल्या, जो स्नायडरनंतर त्या जागी आला.

१३. आमचा भाचा स्टायव्हेसंटला आहे. त्याची बिल्डिंग स्नायडरची ना?

आता नाही. स्टायव्हेसंट १९९२ मध्ये चेंबर्स स्ट्रीटवरच्या नव्या बिल्डिंगमध्ये गेली. जुनी बिल्डिंग ईस्ट १५ व्या स्ट्रीटवर आहे, ती स्नायडरची, १९०७ ची, एच प्लॅन, दर्शनी बाजू भारदस्त. तेव्हा ती मुलांना पुस्तकी विषयांबरोबर हातकाम शिकवणारी शाळा होती, मुलींना प्रवेश थेट १९६९ ला मिळाला. आता तिथे दुसऱ्या शाळा भरतात.

स्टायव्हेसंटसारखाच परीक्षा देऊन प्रवेश मिळणाऱ्या बाकी दोन नावाजलेल्या शाळांचं पण विचारतात: ब्रुकलिन टेक १९३० च्या दशकातली, ब्राँक्स सायन्सची आजची बिल्डिंग १९५९ ची, दोन्ही त्याच्या नाहीत.

१४. आत जाऊन बघता येतं का?

चालू शाळेत असंच नाही जाता येत, दारावर सुरक्षा असते, आणि मुलांची शाळा आहे तर ते बरोबरच आहे. रस्त्यावरून फोटो काढा, पण शाळा सुटायच्या वेळेला मुलांचे फोटो येतील असे काढू नका, पालक अस्वस्थ होतात. ऑक्टोबरमध्ये 'ओपन हाउस न्यूयॉर्क' नावाचा उपक्रम असतो, एरवी बंद असलेल्या कितीतरी जागा उघडतात, त्या वर्षीची यादी बघा. तुम्ही इथले मतदार असाल तर आणखी एक मार्ग, कित्येक शाळांत मतदान केंद्र असतं, त्या निमित्ताने निदान तळमजला दिसतो. ज्या शाळांची घरं झालीत (प्रश्न १६) त्या बाहेरून बघण्यापुरत्याच.

१५. लँडमार्क म्हणून जाहीर झाली म्हणजे बिल्डिंग आता सुरक्षित, बरोबर?

कायद्याने बऱ्यापैकी, प्रत्यक्षात नेहमी नाही. शहराचा लँडमार्क कायदा १९६५ चा. जाहीर झालेल्या बिल्डिंगचं बाहेरचं रूप परवानगीशिवाय बदलता येत नाही. आतलं रूप त्यात येत नाही, ते वेगळं जाहीर करावं लागतं (मॉरिसच्या सभागृहासारखं). आणि दर्जा मिळाला म्हणून कोणी दुरुस्तीला पैसे देईल असं काही नाही.

ब्राँक्समधली पी. एस. ३१ हे सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण. ग्रँड काँकोर्सवरची १८९९ ची गॉथिक शाळा, लोक तिला 'किल्ला' म्हणायचे. १९८६ ला लँडमार्क झाली, १९९७ ला शाळा हलवली, आणि मग वर्षानुवर्षं रिकामी, छप्पर गळतंय, आत पाणी. शेवटी बिल्डिंग धोकादायक ठरवली आणि २०१० च्या दशकात पाडली. लँडमार्क असताना! शहराच्याच मालकीची शाळा शहराच्याच दुर्लक्षाने गेली.

पी. एस. ६४ ची गोष्ट वेगळ्या वळणाची. शाळा बंद झाल्यावर वस्तीतल्या लोकांनी तिथे चारास नावाचं सांस्कृतिक केंद्र चालवलं, १९९८ ला शहराने लिलावात बिल्डिंग विकली, २००१ ला केंद्राला बाहेर काढलं, २००६ ला लँडमार्क, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती तशीच रिकामी पडून राहिली.

१६. मग बंद पडलेल्या शाळांचं चांगलं काही झालंय का?

झालंय, आणि त्यात एच प्लॅनचाच हात आहे. भरपूर खिडक्या, उंच छत, दोन्ही बाजूंना अंगण, अशा बिल्डिंगमध्ये घरं फार छान बसतात. ईस्ट हार्लेममधली पी. एस. १०९, ईस्ट ९९ वा स्ट्रीट, १९९५ ला बंद झाली होती, पाडायची वेळ आली होती, आता तिथे कलाकारांसाठी परवडणारी सुमारे ९० घरं आहेत, काम आणि राहणं एकाच ठिकाणी. वेस्ट १४५ व्या स्ट्रीटवरची पी. एस. १८६ दशकानुदशकं भुतासारखी उभी होती, खिडक्यांतून झाडं उगवलेली, तिचीही घरं झाली, शिवाय खाली वस्तीतल्या मुलांचा क्लब आला. वेस्ट १४८ व्या स्ट्रीटवरच्या पी. एस. ९० चे फ्लॅट झालेत.

माझ्या मते सगळ्यात चांगलं म्हणजे ती शाळाच राहावी. ते जमत नसेल तर परवडणारी घरं आणि मुलांसाठी काहीतरी, हा दुसरा चांगला पर्याय.

१७. आमच्या मुलाची शाळा अशीच जुनी आहे. लिफ्ट नाही, जूनमध्ये वर्ग तापतो. या बिल्डिंग्ज आता जुनाट झाल्या असं नाही का वाटत?

तुमची तक्रार खरी आहे. व्हीलचेअरवरच्या मुलाला या पाच मजली शाळा जवळपास बंदच होत्या, कारण तेव्हा कोणी त्याचा विचारच केला नव्हता, आणि लिफ्ट बसवणं गरजेचं आहे, वारसा म्हणून अडवू नये. अंगणाच्या बाजूने लिफ्टचा भाग जोडता येतो, दर्शनी बाजूला धक्काही लागत नाही.

उकाड्याचं थोडं वेगळं आहे. मूळ खिडक्या वरखाली सरकणाऱ्या होत्या, वरची बाजू उघडली की गरम हवा वरून निघून जायची. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी छोट्या उघडझापीच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या, काही ठिकाणी छत खाली घेतलं, हवेचे जुने मार्ग (प्रश्न ७) बुजवले. मग बिल्डिंग तापली तर दोष सगळा १९०५ चा नाही. एसी लावाच, मुलं उकाड्यात शिकू शकत नाहीत, फक्त खिडकीची वरची काच कायमची बंद करून लावू नका असं पालकसभेत सांगा.

१८. एरास्मस हॉल १७८६ ची शाळा आहे म्हणतात, मग तिथे स्नायडर कुठून आला?

दोन्ही खरं आहे. ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशमध्ये डच वस्तीने १७८६ ला ही शाळा काढली, तिची लाकडी बिल्डिंग १७८७ ची. पुढे ती शहराकडे आली, मुलं वाढली, आणि १९०५ पासून स्नायडरने जुनी बिल्डिंग न पाडता तिच्या भोवती चौकोनी अंगण धरून गॉथिक विंग बांधायला घेतल्या, जसजशी गरज आणि पैसे तसतशी एकेक बाजू. शेवटच्या बाजू त्याच्यानंतरच्या आर्किटेक्टांनी पूर्ण केल्या, १९४० पर्यंत काम चाललं, पण त्याचाच आराखडा धरून. त्यामुळे 'एरास्मस हॉलचा आर्किटेक्ट कोण' याचं एका नावाचं उत्तर नाही. फ्लॅटबुश ॲव्हेन्यूवरच्या कमानीतून आत डोकावलं तर मधली लाकडी अकॅडमी दिसते, पांढरी, साधी, आणि चारही बाजूंनी टोकदार कमानी. गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड इथलीच.

१९. मला प्रोजेक्टसाठी एखाद्या शाळेचे मूळ नकाशे आणि फोटो हवेत. कुठे शोधू?

पहिल्यांदा लँडमार्क कमिशनचा अहवाल वाचा, शाळा लँडमार्क असेल तर तो ऑनलाइन मोफत मिळतो आणि त्यात वर्षं, मटेरियल, बदल सगळं असतं. मग न्यूयॉर्क शहराचं म्युनिसिपल अर्काइव्हज, शिक्षण मंडळाची जुनी कागदपत्रं आणि फोटोंचा मोठा साठा तिथे आहे. शाळेचा आजचा नंबर आणि तेव्हाचा नंबर वेगळा असू शकतो, १८९८ च्या एकत्रीकरणामुळे आणि नंतरच्या बदलांमुळे एकच नंबर दोन विभागांत सापडतो, म्हणून नुसतं 'पी. एस. ३१' असं शोधू नका, विभाग आणि रस्ता दोन्ही लिहा. ब्राँक्सची पी. एस. ३१ शोधताना ब्रुकलिनची हाती लागणं अगदी सहज होतं.